मधल्या चाकाची फुल सस्पेंशन सायकल: सोलापुरात राहून कशी निवडाल?

सोलापुरात सायकलच्या दुकानात जाऊन "फुल सस्पेंशन आहे का?" असं विचारलं, की बहुतेक वेळा समोर येते डबल शॉकर. सीटखाली लाल रंगाची जाड स्प्रिंग, पुढच्या चाकाला तसाच ढोबळ फोर्क, लोखंडी फ्रेम आणि किंमत दहा-पंधरा हजारांच्या घरात. शाळकरी पोरगा तिच्यावर खूश असतो आणि त्याने असावंही. पण तिच्यावर बसून चढाला पेडल मारून बघा. पाय खाली जातो, स्प्रिंग दबते, सायकल घोड्यासारखी मान हलवते आणि पुढे मात्र सरकत नाही. त्या स्प्रिंगला आवर घालणारा तेलाचा भाग आत नसतोच. डँपर म्हणतात तो हाच.

ज्या सायकलीबद्दल मी लिहितोय ती, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे डँपरवाले शॉक आणि २७.५ इंची, मधल्या मापाची चाकं असलेली माउंटन बाइक, नवी घ्यायची तर आज दीड लाखाच्या आसपासपासून पुढे. एवढे पैसे घालताना नवखा माणूस चाकाचा आकार, गिअर किती, वजन किती, एवढंच विचारत बसतो. मीही तेच केलं होतं. सोलापुरात राहणाऱ्याने पहिला प्रश्न वेगळाच विचारायला हवा: ह्या सायकलीचा शॉक खराब झाला तर तो उघडणार कोण? त्याकडे येतोच. आधी तीन पायऱ्या.

पहिली पायरी: रस्ता बघा, मग सायकल

आपल्याकडचा प्रदेश माळरानाचा. हिप्परग्याचा तलाव, होटगीचा तलाव, कालव्याकडेचे कच्चे रस्ते, उसाच्या ट्रॅक्टरांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या पाणंदी. खाली मुरूम, मध्येच डोकं वर काढलेला काळा दगड, आणि शेताकडे वळलात की काळी माती. पाऊस पडल्यावर ही माती टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये अशी बसते की चाकच फिरत नाही. मग सायकल दहा हजारांची असो की तीन लाखांची, ती खांद्यावर घेऊनच डांबरी गाठायची. अशा दिवशी जाऊच नका.

खरं बोलायचं तर ह्यातल्या बहुतेक ठिकाणांना हार्डटेल पुरते. हार्डटेल म्हणजे पुढे शॉक, मागे सरळ फ्रेम. साठ-सत्तर हजारांत हवेच्या फोर्कची चांगली हार्डटेल मिळते आणि तिच्यात बिघडायला फार काही नसतं. तुमची रविवारची फेरी हिप्परग्यापर्यंत जाऊन, चहा पिऊन परत यायची असेल तर इथेच थांबा आणि उरलेले पैसे बँकेत ठेवा.

फुल सस्पेंशन कुणाला? तुळजापूरच्या बाजूला बालाघाटचे डोंगर सुरू होतात. तिथल्या दगडी उतारांवर, बैलगाडीच्या जुन्या वाटांवर ज्याला तासन्‌तास फिरायचंय त्याला. सुट्टीत सायकल गाडीला बांधून पुणे-सातारा भागातल्या टेकड्यांवर नेणाऱ्याला. आणि चाळिशी ओलांडलेल्या, कंबरेने पहिली नोटीस दिलेल्या माझ्यासारख्याला. मागचं चाक दगडावरून गेलं की हार्डटेलवर तो दणका थेट माकडहाडाला पोचतो. इथे तो शॉक खातो. फरक पहिल्या दहा मिनिटांत जाणवत नाही, दोन तासांनंतर जाणवतो.

एक सूचना. नान्नजचं गवताळ रान मोकळं, सपाट आणि सायकलवाल्याला मोह पाडणारं आहे. ते माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, त्यामुळे तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय आणि आखलेली वाट सोडून चाक घालायचं नाही.

दुसरी पायरी: चाकाचा हिशेब

माउंटन बाइकची चाकं तीन मापांची: २६, २७.५ आणि २९ इंच. हे आकडे टायरसकट बाहेरच्या व्यासाचे, तेही ढोबळ. खरं माप रिमवर टायर जिथे बसतो तिथलं. ते मिलिमीटरमध्ये असतं आणि टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं. २६ ला ५५९, २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. म्हणजे मधलं म्हणवणारं चाक बरोबर मधोमध नाही. २६ पासून ते २५ मिमी दूर आणि २९ पासून ३८ मिमी. स्वभावही तसाच, थोरल्यापेक्षा धाकट्याच्या अंगावर गेलेला. टायरवर कधी २७.५ लिहिलेलं असतं, कधी ६५०बी. दोन्ही एकच, ५८४ चा आकडा जुळला की झालं.

जाता जाता एक गंमत. आजोबांची ती काळी, उंच, मागे दूधाची किटली लटकवलेली सायकल आठवते? तिचा टायर २८ × १½, आणि रिम ६३५ मिमी. आज "मोठ्या चाकाची" म्हणून मिरवणाऱ्या २९ पेक्षा रिमने मोठी. फक्त टायर बारीक.

मधलं चाक गाजलं ते २०१२ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गला निनो शुर्टर ह्या स्विस खेळाडूने ह्या चाकावर विश्वचषकाची फेरी जिंकली आणि पुढे लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्य घेतलं. मग दोन-तीन वर्षांत कंपन्यांनी २६ गुंडाळलं आणि जिकडेतिकडे २७.५ आलं. पण वारं फिरलं. २९ च्या फ्रेम सुधारल्या, शर्यतीवाले तिकडे गेले, आणि आज २७.५ मुख्यतः दोन ठिकाणी दिसतं. एक, छोट्या मापाच्या फ्रेमवर. दोन, पुढे २९ आणि मागे २७.५ अशा जोडीत, जिला सायकलवाले मलेट म्हणतात. ह्याशिवाय आठ-दहा वर्षांपूर्वीच्या कितीतरी चांगल्या २७.५ सायकली जुन्या बाजारात फिरतायत, त्या वेगळ्याच.

तर घ्यायचं कुणी? मोठं चाक दगडावरून सहज जातं, कारण तेवढाच दगड त्याला कमी उंच वाटतो. लहान चाक पटकन वळतं, हलकं असतं आणि थांबून पुन्हा सुटताना कमी जोर मागतं. पण माझ्या मते ह्या सगळ्यापेक्षा उंची महत्त्वाची. उतारावर आपण सीटच्या मागे, जवळजवळ मागच्या चाकावर जातो. त्यात मागचं चाक शॉक दबला की वर येतं. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाला २९ चं चाक अशा वेळी थेट पार्श्वभागाला घासतं. हसू नका, पँट फाटलेली माणसं मी पाहिली आहेत.

म्हणून माझा ठोकताळा असा. उंची १६५ सेंटिमीटरच्या आत असेल तर २७.५ डोळे झाकून. १७२ च्या वर असेल तर २९ बघा, जुनी २७.५ फारच स्वस्तात मिळत असेल तर गोष्ट वेगळी. मधल्यांनी दोन्ही चालवून ठरवायचं. घरातल्या बहिणीसाठी, बायकोसाठी किंवा नववी-दहावीतल्या मुलासाठी बघत असाल तर बहुधा २७.५ च.

तिसरी पायरी: ट्रॅव्हल किती आणि माप कोणतं

ट्रॅव्हल म्हणजे चाक वर-खाली किती जाऊ शकतं ते. जास्त म्हणजे चांगलं, असं नाही. १६० मिमीची सायकल आपल्या माळावर म्हणजे गल्लीत फिरायला बुलडोझर. १२० ते १४० मिमी पाहा. पुढचा फोर्क मागच्यापेक्षा दहा-वीस मिमी जास्त असला तरी चालतं, बऱ्याच सायकली तशाच बनवतात. ह्या वर्गाला ट्रेल बाइक म्हणतात.

मापाच्या बाबतीत आपल्याकडे एक खोड आहे: "जरा मोठीच घ्या, पोरगं वाढतंय." शर्टाला ठीक. सायकलीला नाही. चपला काढून भिंतीला टेकून उभं राहा, पायांमध्ये एक जाड वही खोगिरासारखी वर दाबून धरा आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्या. सायकलीचा वरचा दांडा ह्या मापापेक्षा निदान दोन इंच खाली हवा. मग कंपनीच्या तक्त्यात "रीच" हा आकडा बघा. पेडलवर उभं राहिल्यावर हँडल किती लांब पडेल ते तो सांगतो. दोन मापांच्या मध्ये अडकलात आणि नवखे असाल तर लहान घ्या. लहान सायकलीला सीटची नळी वर करता येते, मोठीला आखूड करता येत नाही.

हेड अँगल, म्हणजे हँडलखालच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन, ६६ ते ६७ अंशांच्या आसपास असला की उतारावर सायकल शांत राहते. बाकी आकड्यांचा अभ्यास नंतर करा.

चौथी पायरी: शॉक, आणि तो उघडणारा माणूस

ही पायरी घाईत वाचू नका.

माझी सायकल घेतली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मागचा टायर बसला. तेव्हा पंप घरी विसरलो होतो. रस्त्याकडेला एक पंक्चरवाला दिसला, त्याच्याकडे गेलो. त्याने टायरमध्ये हवा भरली, सायकल निरखली आणि सीटखालच्या शॉकवरचं काळं टोपण त्याला दिसलं. "ह्याच्यातबी हवा हाय का, मालक?" मी कौतुकाने हो म्हटलं. पुढच्या क्षणी त्याने टोपण काढून, हवा आहे का नाही बघायला, नखाने आतली पिन दाबली. फुस्स. एका सेकंदात मागची अर्धी सायकल खाली बसली. त्याने बिचाऱ्याने तत्परतेने कॉम्प्रेसरची नळी लावली, पण शॉक काही उठेना. घरी आलो ते एका छोट्या टेम्पोत, दोन पोती कांद्यांच्या शेजारी बसून.

झालं काय, ते समजून घ्या, कारण त्यातच सगळं गणित आहे. शॉकचा व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या टायरसारखाच असतो, त्यामुळे कुणालाही तो ओळखीचा वाटतो. पण आत हवा असते चिमूटभर आणि दाब असतो दीडशे-दोनशे पीएसआय, कधी त्याहूनही जास्त. टायर भरायच्या कॉम्प्रेसरला एवढा दाब मिळत नाही आणि मिळाला तरी थेंबाथेंबाने सोडता येत नाही. ह्यासाठी शॉक पंप नावाचा छोटा हातपंप लागतो, ज्याला दाब दाखवणारं घड्याळ आणि हवा सोडायचं बारीक बटण असतं. सायकलीबरोबर तो देत असतील तर उत्तम, नाहीतर बिलातच जोडून घ्या. त्याच्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका.

आता देखभाल. रॉकशॉक्स कंपनीच्या फोर्क-शॉकना दर ५० तासांनी हलकी सर्व्हिस आणि साधारण २०० तासांनी पूर्ण सर्व्हिस सांगितलेली असते. फॉक्स कंपनीचा नियम १२५ तास किंवा वर्षातून एकदा. तुम्ही रविवारी तीन तास आणि मधल्या वारी एक तास चालवत असाल तर ५० तास तीन महिन्यांत संपतात. हलकी सर्व्हिस म्हणजे खालचा भाग काढून पुसायचा, रबरी सील बदलायची, ठरलेलं तेल ठरलेल्या मिलिलिटरमध्ये घालायचं. हे हाताने जमण्यासारखं आहे, मी करतो, पण पहिल्यांदा जाणत्याच्या शेजारी बसून शिकलो. डँपरची पूर्ण सर्व्हिस मात्र घरचं काम नाही. त्यात दाबाखालचा वायू असतो.

म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. शॉकची सर्व्हिस तुम्ही इथेच करता की पुण्याला पाठवता? सीलचा संच तुमच्याकडे असतो की मागवावा लागतो? पाठवला तर परत यायला किती दिवस? तिसऱ्या प्रश्नाला "बघू की" असं उत्तर आलं तर समजून जा. दुकान वाईट असेल असं नाही. पण मग तुम्ही अशीच सायकल घ्यायला हवी जिचा शॉक तुम्ही स्वतः दोन बोल्ट काढून, डब्यात घालून कुरिअरने पुण्याला पाठवू शकाल. सगळी सायकल एसटीच्या टपावर घालण्यापेक्षा हे बरं. काढताना दोन्ही टोकांचे छोटे छल्ले पुडीत बांधून ठेवा, कुठला कुठे होता ते मोबाइलवर टिपून घ्या. शॉकवर छापलेलं माप वहीत लिहा, उदाहरणार्थ २१० × ५०: पहिला आकडा एकूण लांबी, दुसरा आत जाण्याचं अंतर. उद्या बदलायची वेळ आली तर हेच दोन आकडे लागतात. २०१६ च्या आसपास ही मापं बदलली. त्याआधीचे शॉक वेगळ्या, इंचांवर बेतलेल्या मापांचे आहेत, हे जुनी सायकल घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. अगदीच आडमापाचा, एकाच कंपनीपुरता केलेला शॉक असेल तर ती सायकल सोडून द्या, कितीही देखणी असली तरी.

मागच्या त्रिकोणाचे सांधे, पिव्हॉट, हा दुसरा भाग. कुठे एकच सांधा असतो, कुठे चार. चार सांध्यांच्या रचनेत ब्रेक दाबल्यावरही मागचं चाक मोकळं हलतं, पेडल मारताना सायकल कमी डुलते. एका सांध्याची रचना जराशी ओबडधोबड, पण बेअरिंग कमी आणि खर्च कमी. चर्चा करणारे ह्यावर रात्र जागवतील. मी म्हणेन, चांगल्या कंपनीची कुठलीही रचना नवख्याला पुरते, फक्त बेअरिंगवर नंबर आहे का बघा. ६९०२ असा नंबर असला की ते १५ × २८ × ७ मिमीचं, जगभर तेच. आपलं शहर गिरण्यांचं, मागांचं. बेअरिंगची दुकानं इथे जुनी आहेत आणि काउंटरवरच्या माणसाला नंबर सांगितला की तो मागे न बघता फळीवरून खोकं काढतो. एक फरक तेवढा सांगा: सांध्याचं बेअरिंग पूर्ण गोल फिरत नाही, नुसतं हेलकावतं. त्यामुळे आत जाळी नसलेलं, गोळ्यांनी गच्च भरलेलं बेअरिंग तिथे जास्त टिकतं. ते मिळालं नाही तर साधं दोन्ही बाजूंनी रबर असलेलं घ्या, वर्षभर चालेल.

पाचवी पायरी: काटे

बाभूळ, वेडी बाभूळ, बोर आणि सराटे. ह्या चौघांपुढे ट्यूबचं काही चालत नाही. एका सकाळी मी टायरमधून अकरा सराटे उपटले होते.

उपाय ट्यूबलेस. रिमला आतून टेप, त्यावर खास व्हॉल्व्ह आणि टायरमध्ये पातळ, दुधासारखं सीलंट. काटा घुसला की सीलंट भोकात जाऊन गोठतं. म्हणून सायकल घेताना रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचे आहेत ना, हे बघा. "ट्यूबलेस रेडी" लिहिलेलं असलं तरी बहुतेकदा दुकानातून सायकल ट्यूब घालूनच येते. पहिल्याच दिवशी बदलून मागा. २७.५ × २.४ च्या टायरला साधारण १०० मिलिलिटर सीलंट पुरतं.

पण कंपनीने दिलेली मुदत आपल्या उन्हाळ्याला लागू नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, सायकल पत्र्याच्या शेडखाली असते, आणि सीलंट आतल्या आत वाळून रबराची साय धरते. मी होळीला एकदा आणि मृगाच्या आधी एकदा टायर हलवून बघतो. आत खळखळ ऐकू आली नाही तर व्हॉल्व्हमधून सुईच्या पिचकारीने भरतो. काटा रस्त्यात लगेच उपटायचा नाही, हेही शिका. घरी जाईपर्यंत तोच बूच असतो.

टायर निवडताना बाजू जाड असलेला घ्या, वजन शे-दीडशे ग्रॅम वाढलं तरी. आपले दगड टायर मधून कमी आणि बाजूने जास्त फाडतात.

बाकीचं थोडक्यात

गिअर: पुढे एकच चक्र, मागे अकरा किंवा बारा. शिमानो देओरे पातळी पुरेशी आहे. वरच्या पातळीसाठी जास्त दिलेले पैसे वजनात जातात, आणि ते वजन आपण शेंगाचटणी-भाकरीने भरून काढतो.

ब्रेक तेलाचे, म्हणजे हायड्रॉलिक डिस्कच. तारेचे डिस्क ब्रेक दाखवले तर नको म्हणा. शिमानोत मिनरल ऑइल असतं, स्रॅम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट. डॉट तेल मोटारसायकलच्या दुकानात मिळतं, मिनरल बहुधा मागवावं लागतं. एकाच्या जागी दुसरं घातलं की रबरं फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. कुठलं आहे ते झाकणावरच लिहिलेलं असतं.

सीटची नळी बटणाने खाली-वर होणारी, ड्रॉपर, असेल तर फार चांगलं. नसेल तर नंतर बसवता येते. फ्रेम ॲल्युमिनियमची घ्या. अशी सायकल चौदा-पंधरा किलोंची भरते, ते वजन योग्यच आहे. बारा किलोची हवी असेल तर किंमत दुप्पट होते.

सहावी पायरी: जुनी घेताना

ह्या बाजारात २७.५ स्वस्त मिळतं, कारण लोक २९ कडे चाललेत. त्याचा फायदा घ्या, पण डोळे उघडे ठेवून.

सायकल उभी धरा, सीट पकडून हलकेच वर उचला आणि सोडा, चाक जमिनीवरून सुटायच्या आधी टक असं हललं तर सांध्यात किंवा शॉकच्या बुशमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. बुश स्वस्त, बेअरिंगचा संच महाग, आणि फ्रेमची जागाच झिजली असेल तर पैसे परत न मिळणारे. कुठला प्रकार आहे ते बोट ठेवून शोधा: एकाने सीट उचलावी, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवावं, हलतं ते बोटाला कळतं. मग फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. ओरखडा नखाला अडकला तर सील टिकणार नाहीत. शॉकच्या दांड्यावर तेलाची ओल नको. फ्रेम धुऊन मागा आणि सीटच्या नळीचा खालचा सांधा, पिव्हॉटच्या आसपासची वेल्डिंग दिवसाउजेडी बघा. केसासारखी रेघ रंगाची आहे की धातूची, शंका आली तर सोडा. चाकाला थोडा आऊट असेल तर घाबरू नका, तो कुठलाही चांगला मिस्त्री काढून देतो.

बिल मागा आणि फ्रेमखाली खोदलेला नंबर त्याच्याशी जुळवा. विकणारा "बिल हरवलंय, पण ओळखीचाच आहे" म्हणत असेल तर त्याला नमस्कार करून परत या.

सातवी पायरी: घरी आणल्यावर

सायकल आणली, चाकाला नारळ फोडला, फोटो काढले. आता एक काम राहिलं, ज्याच्याशिवाय लाखभराची सायकल डबल शॉकरसारखीच चालते. तिला तुमच्या वजनाला बसवायचं. ह्याला सॅग म्हणतात: आपण नुसते बसल्यावर शॉकने थोडंसं दबायला हवं, म्हणजे खड्डा आला की चाकाला खालीही जाता येतं.

तुम्ही ज्या कपड्यांत आणि जेवढ्या पाण्याच्या पिशवीसह फिरता तसेच तयार व्हा. शॉक ताठ-मोकळा करणारा लीव्हर असेल तर तो मोकळ्या बाजूला ठेवा. वजन किलोत आहे ते २.२ ने गुणा, येईल तेवढ्या पीएसआयपासून सुरुवात करा. कंपनीचा तक्ता असेल तर तो पहिला. मी बाहत्तर किलोचा, म्हणजे १६० च्या आसपास. आता भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, दोन-तीनदा हलकेच उसळा, मग स्थिर व्हा. शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडी असते, ती सीलला टेकवा आणि न हिसकता खाली उतरा. कडी जिथे राहिली तिथपर्यंतचं अंतर मोजा. माझ्या शॉकचं एकूण अंतर ५० मिमी. त्याच्या तीस टक्के म्हणजे १५ मिमी यायला हवेत. पहिल्यांदा १८ आले, म्हणजे हवा कमी. थोडी भरली, पुन्हा बसलो, असं करत १५ आले. पुढच्या फोर्कला हेच, फक्त वीस टक्क्यांच्या जवळपास.

पंप लावताना घड्याळ थोडं खाली उतरतं, कारण पंपाच्या नळीत हवा जाते. काढताना फुस्स ऐकू येतं ते बहुतेक नळीतल्या हवेचं. ह्या दोन्हींना शॉक गळतोय असं समजून मी पहिल्या आठवड्यात रोज हवा भरत होतो.

सोलापूरकरांसाठी एक खास कलम. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. संक्रांतीच्या आसपास, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, सकाळी पंधरा अंशांत १८० पीएसआय बसवलात आणि त्यालाच हात न लावता मेच्या दुपारी बेचाळीस अंशांत बाहेर काढलात, तर आत जवळपास १८ पीएसआय जास्त असतात. सायकल ताठ वाटू लागते आणि माणूस शॉक बिघडला म्हणून दुकानात जातो. ऋतू बदलला की सॅग पुन्हा मोजा, तेही ज्या वेळी फिरायला निघता त्याच वेळी, सावलीत.

टायरमध्ये ट्यूबलेसला पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयच्या आसपास सुरू करा. दुकानातून निघताना चाळीस भरून देतात; दगडावर सायकल उड्या मारते ती त्यामुळे, शॉकमुळे नाही. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांनंतर सगळ्या सांध्यांचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. किती न्यूटन मीटर जोराने आवळायचे ते बहुधा बोल्टवर किंवा शेजारच्या फ्रेमवरच छापलेलं असतं. अंदाजाने आवळलेला बोल्ट ॲल्युमिनियममध्ये आटे खातो.

हे सगळे आकडे एका चिठ्ठीवर लिहून, पारदर्शक चिकटपट्टीने वरच्या दांड्याखाली लावून ठेवा: शॉक, फोर्क, पुढचा टायर, मागचा टायर. माझ्या सायकलीवर ती आहेच, शिवाय शॉकच्या व्हॉल्व्हच्या टोपणावर मी लाल इन्सुलेशन टेपचे तीन वेढे मारलेत. परवा त्याच पंक्चरवाल्याकडे थांबलो होतो. त्याने लांबूनच बघितलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, "फकस्त टायरचं सांगा, मालक."